पापडला आठवतं ते घर

५ जानेवारी, रविवार

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. फिट आली का, किती वेळ टिकली, औषध दिलं का, जेवला का, एवढंच लिहायचं. मी रकाने आखले. आज फिट नाही. औषध दिलं. जेवला.

रकाने भरून झाले तरी अर्धं पान रिकामंच राहिलंय, तर आता खरं काय झालं ते लिहिते. पापड मला विसरला.

काल संध्याकाळी त्याला दवाखान्यातून घरी आणलं. विनीतने खांद्यावर घेतला होता, मी दार उघडलं. पापडने माझ्याकडे बघितलं आणि गुरगुरला. मला वाटलं, प्रवासाने चिडला असेल. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या, तर शेपूट हलायला लागलं. सासूबाईंसाठी! ज्या त्याला "मेल्या, बाजूला हो" याखेरीज कधी काही बोलत नाहीत, त्यांच्यासाठी शेपूट. मी हात पुढे केला तर हा सोफ्याखाली घुसला.

डिसेंबरच्या शेवटी दुपारी त्याला फिट आली. एक संपेपर्यंत दुसरी, मग तिसरी. इथल्या डॉक्टरांना ती थांबवता येईना म्हणून रिक्षात घालून ठाण्याला नेलं. रस्ताभर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. फिट थांबल्यावर एमआरआय काढला. तिथल्या प्रीतम डॉक्टरांनी आम्हाला स्क्रीनसमोर बसवून समजावलं.

"मेंदूत आतल्या बाजूला, दोन्हीकडे हा वळलेला भाग असतो. हिप्पोकॅम्पस. फिट लांबली की पहिला मार इथे बसतो. ह्याचा दोन्हीकडचा खराब झालाय."

"म्हणजे आता काय होणार?" विनीतने विचारलं.

"नवीन काही फारसं लक्षात राहणार नाही. कोण माणूस, कुठली जागा, काल काय झालं, हे ह्या भागाचं काम असतं. मागचंही जातं, पण त्यात एक गंमत आहे. अलीकडचं जास्त जातं, जुनं त्या मानाने टिकतं. आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टी मेंदूत दुसरीकडेच राहतात, त्या बहुतेक जाणार नाहीत. पंजा दे म्हटलंत तर देईल."

"अलीकडचं म्हणजे किती?" हे मी विचारलं.

"उंदरांत काही आठवड्यांचं जातं. माणसांत कधी कधी वर्षांचं. कुत्र्याचं नक्की कोणी सांगू शकत नाही हो. वर्ष, दोन वर्षं, जास्तही असेल."

माझ्या लग्नाला अडीच वर्षं झाली. पापड सात वर्षांचा आहे. शहाडला नदीकाठी सापडलेलं ते पिल्लू कृतिकाने घरी आणलं होतं. कृतिका म्हणजे विनीतची पहिली बायको.

तर घरात आम्ही तीन माणसं. त्यातली दोन त्याला आठवतात. मी आठवत नाही. आणि जी आठवत असणार, ती इथे राहतच नाही.

८ जानेवारी, बुधवार

फिट नाही. औषध दिलं. अर्धंच जेवला.

सकाळी मी बेडरूममधून बाहेर आले की तो भुंकतो. नुसता भुंकत नाही, घरात चोर शिरल्यासारखा भुंकतो. माझा चहा संपेपर्यंत चालू असतं. मग मी शाळेत नोकरीला जाते, तिथल्या ऑफिसचं काम आटपून दुपारी परत येते, की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

विनीत म्हणतो, "मनाला लावून घेऊ नकोस गं. तो आजारी आहे."

ह्याला काय जातंय बोलायला! ह्याला बघून तो अंगावर उड्या मारतो.

मी लग्न करून आले तेव्हा तीन महिने पापड माझ्या वाऱ्याला उभा राहत नव्हता. मला त्याचं नावही आवडायचं नाही, कारण ते तिने ठेवलेलं होतं. मी मोती म्हणून बघितलं, त्याने ढुंकूनही बघितलं नाही. शेवटी मीच हरले आणि पापड म्हणायला लागले. मग हळूहळू जमलं. आमच्याकडे आठवड्याला वालाचं बिरडं लागतं. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भिजलेले वाल सोलायची आणि हा परातीत तोंड घालायचा. मी दर वेळी त्याची मान धरून हनुवटी माझ्या डाव्या पायावर टेकवायची आणि सोलून झाले की एक चपातीचा तुकडा द्यायची. पुढे पुढे परातीत वाल पडल्याचा आवाज आला, की हा असेल तिथून येऊन हनुवटी पायावर ठेवायचा. सगळ्या घरात ती एक गोष्ट माझी होती.

आता ती गेली. दवाखान्यातून आल्यापासून मी वाल भिजवलेच नाहीत. कोणासाठी सोलायचे?

आज प्रीतम डॉक्टरांना फोन केला. सांगत होते, उंदरांना दुधाळ पाण्याच्या टाकीत सोडतात. पाण्याखाली उभं राहायला एक छोटा ओटा लपवलेला असतो. चांगला उंदीर दोन-चार दिवसांत तो कुठे आहे ते शिकतो आणि कुठूनही सोडला तरी सरळ तिथे पोचतो. हिप्पोकॅम्पस काढलेला उंदीर रोज नव्याने पोहत बसतो. आजूबाजूच्या खुणा दिसतात त्याला, पण त्यांचा नकाशा होत नाही. ऐकून वाईट वाटलं. पण त्या उंदराला निदान सवतीचा नकाशा तरी आठवत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

फिट नाही. औषध दिलं. जेवला.

नवीन प्रकार सुरू झालाय. पापड हॉलच्या कोपऱ्यात देवघरासमोर जाऊन बसतो. आधी गोल गोल फिरतो, पायांनी फरशी खरवडतो, देवघराच्या पायाशी नाक घासतो आणि मग तिथेच अंग टाकतो. सासूबाईंनी आज पूजेच्या वेळी बघितलं. घंटी वाजली तरी उठला नाही.

"अगं अक्षदा, बघ तर! मरणाच्या दारातून आलाय ना, कळलंय त्याला."

"काय कळलंय आई?"

"ते तुला नाही कळायचं."

खरंच आहे. मला या घरातलं काहीच कळत नाही, कुत्र्याला कळतं.

हे देवघर आधी स्वयंपाकघरात होतं. आमचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी वास्तुवाल्याला बोलावलं. पहिला संसार मोडला तो दिशेमुळे, असं त्याने सांगितलं आणि देवघर हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात आलं. मलाही ते पथ्यावर पडलं. तेवढ्यात मी घर बघायच्या आधीच विनीतला सांगून बेडची दिशा फिरवून घेतली, शोकेस हलवून घेतलं, वॉशिंग मशीन पॅसेजमध्ये आणवलं, पडदे बदलायला लावले. तिचा हात लागलेली एक वस्तू जागेवर ठेवू दिली नाही. विनीत तेव्हा हसला होता. म्हणाला, "भिंती तरी ठेव."

१९ जानेवारी, रविवार

फिट नाही. औषध दिलं. जेवला, शिवाय एक पेढा. त्याबद्दल खाली लिहिते.

आज आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सगळ्या बायका आल्या आणि पापड महाराज देवघरासमोर समाधी लावून बसलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या शकूताईंनी हातच जोडले.

"कलावतीताई, हा मागच्या जन्मीचा कोणीतरी आहे हो तुमच्याकडे!"

"रोज बसतो," सासूबाई इतक्या सहज म्हणाल्या, जशी त्यांनीच दीक्षा दिली आहे. "दिवा लावायच्या आधी हजर."

मग एकीने त्याच्यापुढे पेढा ठेवला, दुसरीने फुलं. एकीने मुलाच्या दहावीचं विचारून घेतलं. तो जांभई देऊन उलटा झाला, तर तोही कौल समजला गेला. मी वाण वाटत होते. शकूताई मला जवळ ओढून म्हणाल्या, "कृतिकाने आणलेला ना हा? हाताला गुण होता तिच्या." हळदीकुंकवाच्या दिवशी माझ्या घरात, माझ्या हातचं वाण घेताना! मी म्हटलं, "हो, फक्त टिकायचा गुण नव्हता." नंतर सासूबाई मला आत नेऊन बोलल्या. बोलू देत.

सकाळी पापड माझ्यावर दोनदाच भुंकला आणि गप्प झाला. दमला असेल.

२२ जानेवारी, बुधवार

फिट नाही. औषध विनीतने दिलं.

पापड मला चावला.

सासूबाईंनी समई खाली जमिनीवर ठेवली होती आणि हा शेजारी झोपलेला. शेपूट ज्योतीच्या अगदी जवळ. मी शाळेतून आले ते बघितलं आणि त्याला पट्ट्याला धरून ओढलं. झोपेतून उठला तर समोर एक अनोळखी बाई मान धरून ओढतेय. त्याने मनगट धरलं. टाके नाही पडले, इंजेक्शनं घ्यायची आहेत.

मला लागल्याचं एवढं नाही. चावल्यावर तो पळत जाऊन सासूबाईंच्या मागे लपला. माझ्यापासून.

संध्याकाळी विनीत गॅलरीत जाऊन फोनवर बोलत होता. मी पडद्याआड उभी होते, हो, मुद्दाम. "कृती, ऐक ना," म्हणाला. अजून कृती! बाहेर आल्यावर मला म्हणाला, "तिला तो ओळखेल. थोडे दिवस ठेवून बघते म्हणाली. बरा राहिला तर तिकडेच राहू दे. तुझ्या हाताचं काय झालंय बघ."

"माझ्या हाताची काळजी आहे का तिला भेटायचं निमित्त हवंय?"

विनीत म्हणाला, "अक्षदा, तुला पापड हवाय की ती नकोय, ते एकदा ठरव."

मला दोन्ही हवंय.

२४ जानेवारी, शुक्रवार

कृतिका आली होती. ती बंगळूरला नोकरीला गेली तेव्हा तिथल्या हॉस्टेलमध्ये कुत्रा चालेना, म्हणून पापडला इथे ठेवून गेली. आता परत येऊन ठाण्यात खोपटला, एसटी डेपोजवळ राहते. फोटोत बघितली होती त्यापेक्षा बारीक झाली आहे. मी मुद्दाम अहो-जाहो केलं.

"या. बसा."

"अगं तू म्हण ना मला."

"नको. सवय नाही."

तिचा आवाज ऐकला आणि पापड देवघरापासून उठला. पुढचं मला लिहायचं नव्हतं, पण लिहिते. तो रडला. कुत्रा आनंदाने रडतो असं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. तिच्या पायांवर, मांडीवर, खांद्यावर चढत होता आणि बारीक आवाजात रडत होता. ती खाली फरशीवरच बसली. "पापड्या, अरे पापड्या, किती म्हातारा झालास रे." सासूबाईंनी डोळे पुसले. विनीत खिडकीबाहेर बघत राहिला. आणि मी चहा टाकायला गेले, कारण त्या खोलीत माझं काही काम नव्हतं.

ती त्याला गाडीत घालून घेऊन गेली. त्याने मागे वळून बघितलं नाही. मी त्याचा टॉवेल विसरल्याचं निमित्त काढून खाली गेले होते, म्हणून मला माहीत आहे.

२६ जानेवारी, रविवार

रकाने रिकामे. लिहायला रुग्णच नाही.

कृतिकाचा फोन आला. विनीत झोपला होता म्हणून मी घेतला.

"अगं, मजा सांगते. मी मटार सोलत बसलेले, खालीच, टीव्ही बघत. तर हा आला आणि माझ्या डाव्या पायावर हनुवटी टेकून बसला! हललाच नाही. मला एवढं भरून आलं ना."

मी म्हटलं, "छान."

फोन ठेवून मी तासभर कपाट आवरत होते. माझ्या पायावरची हनुवटी तिच्या पायावर गेली. मी दोन वर्षं मान धरून शिकवली आणि तिला दोन दिवसांत आयती मिळाली. आठवण तिची ती तिचीच, आणि आता माझी होती तीही तिचीच. चोर कुठली. आणि ती इतक्या प्रेमाने सांगत होती की धड रागावताही येईना.

विनीत उठल्यावर विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, मजेत आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

कृतिका पापडला परत घेऊन आली.

डोळे लाल होते तिचे. झोप नव्हती. सोफ्यावर बसली आणि विनीतकडे न बघता मलाच सांगायला लागली.

"तो मला ओळखतो गं. मला बघितलं की खूष होतो. पण घर ओळखत नाही. मी जरा आत गेले की दार शोधत फिरतो. पाणी कुठे ते रोज दाखवायचं. झोपून उठला की नवीन जागा. डेपोतून एसटी सुटायची वेळ झाली की कर्णे वाजतात, तो पलंगाखाली जातो, आणि मग पलंगाखालून बाहेर कसं यायचं तेही कळत नाही. काल दारावर एवढं डोकं घासलं, बघ, केस गेलेत." तिने त्याचं कपाळ दाखवलं. "मी पाठवत नाहीये त्याला. पण तो तिथे जगणार नाही."

मला वाईट वाटलं. त्याच्या आधी आनंद झाला. कोणी वाचणार नाही म्हणून लिहून ठेवते, आनंद झाला.

ती गेल्यावर प्रीतम डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "त्याला नवी जागा शिकवू नका, शिकणार नाही. जुनी जागा आठवत असेल तर ती द्या. नाहीतर असाच फिरत राहील, खाणं सोडेल, आणि ताणाने फिट परत येऊ शकते. ह्या वेळी थांबेल याची खात्री मी देत नाही."

"जुनी जागा म्हणजे हेच घर ना? मग इथेही का फिरतो?"

"ते तुम्हीच बघा. घर तेच आहे का?"

३० जानेवारी, गुरुवार

फिट नाही. औषध दिलं. जेवला नाही. पाणीही आपणहून नाही. सकाळी माझ्यावर भुंकला नाही, नुसता बघत राहिला. तब्येत बरी नसावी.

आज शाळेतून सुट्टी घेतली आणि दिवसभर त्याच्या मागे फिरले. तो पॅसेजमध्ये जातो, वॉशिंग मशीनच्या बाजूला नाक खुपसतो आणि मशीनचा पत्रा चाटतो. मी त्याचं पाण्याचं भांडं नाकासमोर धरलं की पितो. मी भांडं स्वयंपाकघरात त्याच्या जागेवर ठेवलं, की पुन्हा मशीनचा पत्रा चाटायला जातो.

तो पत्रा चाटत नव्हता. मशीनच्या जागी आधी जे असायचं ते शोधत होता.

संध्याकाळी मी सगळ्यांना बसवून विचारलं. "मी यायच्या आधी पापडचं पाण्याचं भांडं कुठे होतं?"

"किचनमध्ये ना?" विनीत म्हणाला.

"गॅलरीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "मीच भरायचे."

"आई, गॅलरीत कुंड्या होत्या."

"कुंड्या नंतर आल्या!"

"आणि तो झोपायचा कुठे?" तेही दोघांना आठवेना. बेड कुठल्या भिंतीला होता यावरून दोघांचं भांडण झालं. जेवणाचं टेबल नक्की कुठे होतं तेही कोणाला सांगता येईना. शेवटी मी स्वतः कृतिकाला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा.

"खरंच आठवत नाही गं," ती म्हणाली. "दोन-तीन गोष्टी आठवतात, पण त्या अशा कामाच्या नाहीत. मी ते घर विसरायलाच बंगळूरला गेलेले."

मी फोन ठेवला. अडीच वर्षं मी या घराच्या भिंतीभिंतीत जिला बघत होते, तिला तिचा पलंग कुठे होता ते आठवत नाही. विनीतला आठवत नाही. सासूबाईंना आठवत नाही. ज्याच्या मेंदूतला आठवणीचा भागच गेला, त्या एकट्याला ते घर आठवतंय.

मग मी रांगोळीचा डबा काढला. पापड जिथे थांबेल, फरशी हुंगेल, वळेल, तिथे ठिपका टाकत गेले. मशीनपाशी ठिपके. शोकेसपाशी ठिपके, तिथे तो रोज दोन पाय वर टेकवतो, म्हणजे तिथे खिडकीखाली चढायला काहीतरी असणार. आणि सगळ्यात जास्त ठिपके देवघरासमोर.

देवघरासमोर! मला हसू आवरेना. गोल फिरतो, फरशी खरवडतो, अंग टाकतो. अहो, ती त्याची गादी होती. आमचे महाराज देवासमोर नव्हे, देवच महाराजांच्या गादीवर जाऊन बसलेत.

३१ जानेवारी, शुक्रवार

फिट नाही. औषध दिलं. पाणी मशीनपाशी ठेवलं तर प्यायला.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "शकूने काल त्याच्यापुढे नारळ ठेवलाय. तिला काय सांगू, गादी होती म्हणून?"

"आई, तो रोज देवघराच्या पायाला डोकं घासतोय. परत फिट आली तर थांबणार नाही म्हणाले डॉक्टर."

"आणि देवघर हलवलं, मग परत काही वाकडं झालं म्हणजे? दिशेमुळे मोडला होता एक संसार."

मी म्हटलं, "माझा मोडणार असेल तर मोडू दे. मीच हलवा म्हणतेय ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "तू म्हणतेयस? अगं, तूच तर एकेक वस्तू हलवून घेतलीस. मला वाटलं होतं, तू त्याला एकदाचा तिच्याकडे देऊन टाकशील."

मलाही वाटलं होतं. तिथून मी स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण भांडी घासली.

रात्रीच्या जेवणाला त्या आपणहून म्हणाल्या, "रविवारी हलवा. दिशा देवाला कळते. त्याला बिचाऱ्याला काय कळतंय."

२ फेब्रुवारी, रविवार

फिट नाही. औषध दिलं. जेवला.

दिवसभर मी आणि विनीतने घर उलटं मांडलं. देवघर परत स्वयंपाकघरात. शोकेस हलवलं, खिडकीखाली जुनी ट्रंक ठेवली. वॉशिंग मशीन बाथरूममध्ये कोंबलं, त्या जागी पाण्याचं भांडं. बेडरूमचा बेड फिरवला, कारण पापड सकाळी आमच्या बेडच्या आताच्या कडेला धडकतो. प्रत्येक वस्तू हलवली की पापडला सोडायचं, तो अडखळला तर पुन्हा हलवायची. जणू तो वास्तुवाला आणि आम्ही हमाल. त्याची गादी कधीच फेकलेली होती, म्हणून मी माझ्या दोन जुन्या साड्यांची घडी शिवून तिथे घातली.

सगळं झाल्यावर मी हॉलच्या मधोमध उभी राहिले. हे घर मी कधी बघितलं नव्हतं. हे तिचं घर. जे मी इथे पाऊल टाकायच्या आधीच पुसून घेतलं होतं, ते एका रविवारात स्वतःच्या हातांनी परत मांडलं. मला तिचा हेवा वाटतो. ती गेली तरी वाटतो, तिला आठवत नाही तरी वाटतो. बाथरूममध्ये जाऊन मशीनला टेकून रडले.

बाहेर आले तेव्हा पापड पाणी पीत होता. प्यायला, वळला, कुठेही न अडखळता हॉल ओलांडून गादीवर गेला. एकदाच गोल फिरला आणि झोपला. दवाखान्यातून आल्यापासून इतका गाढ झोपलेला बघितला नव्हता.

विनीत म्हणाला, "बघ, जमलं."

सासूबाई म्हणाल्या, "आता तरी बिरडं करणार आहेस का? महिना झाला." मी वाल भिजत घातले.

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

फिट नाही. औषध दिलं. दोन्ही वेळा जेवला.

संध्याकाळी कृतिका पापडला बघायला आली. तिला बिचारीला हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस आहे हे ध्यानात नव्हतं. सासूबाई करंडा हातात घेऊन घुटमळल्या, मग तिच्या कपाळाला बोट लावून पटकन आत गेल्या. ती दारातच थांबून घर बघत राहिली. "अगंबाई," एवढंच म्हणाली. पापड धावत आला, रडला, लोळला. आता माझी त्याला तयारी होती, तरी जळायचं ते जळलंच.

मी स्वयंपाकघरात वाल सोलायला बसले. ती पाट घेऊन समोर बसली. मी सोलत होते, परातीत वाल पडत होते, टण, टण.

आणि पापड आला. हॉलमधून, गादीवरून उठून, तिला ओलांडून. माझ्याकडे बघून थोडा गुरगुरला, कोण तू म्हणून. आणि गुरगुरत गुरगुरतच त्याने हनुवटी माझ्या डाव्या पायावर टेकली.

मी खोचकपणे म्हटलं, "तुमच्याकडची सवय. मटाराची."

"माझ्याकडची?" कृतिका म्हणाली. "छे गं. माझ्या वेळी हा टोपात तोंड घालायचा. मी काही सोलायला बसले की त्याला गॅलरीत कोंडायचे. त्या दिवशी मला वाटलं, वयाने शहाणा झाला." मग तिने माझ्या पायाकडे बघितलं. "हे तू शिकवलंस?"

मी मान हलवली.

"अरे वा," ती म्हणाली.

ते 'अरे वा' मला चांगलं ओळखीचं आहे. कोणी तिचं कौतुक केलं की अडीच वर्षं मी तसंच म्हणत आले आहे, तोंड हसतं ठेवून. तिच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. मी परात तिच्याकडे सरकवली.

"तू पण सोल ना थोडे," मी म्हटलं. तू म्हटल्याचं नंतर लक्षात आलं.

ती सोलायला लागली. तिच्या हातून वाल पडत होते, माझ्या हातून पडत होते. पापड तिथून हलला नाही. पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला. बाहेरून विनीतने चहा मागितला, मी उठले नाही. बिरडं व्हायला उशीर झाला, सासूबाई बोलल्या, ऐकून घेतलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

फिट नाही. औषध दिलं. जेवला.

सकाळी मला बघून भुंकला. मी पुन्हा वाल भिजत घातले आहेत.